लाकूडतोड एकेचाळीस

बायकोने अकरा वर्षं खपून मिळवलेलं नाव व्हर्जिल स्टम्फने एकवीस दिवस लाकडं तोडून बुडवलं. आणि बुडवताना त्याला इतकं बरं वाटत होतं, की फेब्रुवारीपासून तुटलेली झोपही जरा लागायला लागली होती.

लाकडं अर्थातच खरी नव्हती. खरी कुऱ्हाड उचलायला व्हर्जिलचे गुडघे कधीच राजी झाले नसते. ही लाकडं ग्रेमिअर नावाच्या खेळातली. त्या खेळात चित्र नाही की आवाज नाही, काळ्या स्क्रीनवर नुसत्या ओळी सरकतात. आपण लिहायचं, ‘उत्तरेला जा’. मग ओळ येते, की उत्तरेला ओढा आहे, पुलावर एक म्हातारी कांदे विकत बसली आहे. देशभरातली माणसं आपापल्या घरातून त्यात शिरतात आणि दुसऱ्याच नावाने वावरतात. व्हर्जिलची बायको लिओटा तिथे सॉरेल होती. जखमा शिवायची. आणि नवीन कुणी आलं, की त्याचे प्रश्न निस्तरायची. सगळे तिला सॉरेलबाई म्हणत.

ग्रेमिअरचा एक नियम आहे. जे काम कराल त्याचा आकडा वाढतो, पण एका माणसात सगळं मिळून पंधराशेच मावतं. भांडं भरल्यावर त्यात नवं घातलं, तर जे सगळ्यांत मोठं असेल त्यातून तेवढं सांडतं. लिओटाचं भांडं केव्हाच काठोकाठ भरलं होतं आणि त्यात सगळ्यांत मोठं होतं शिवणकाम, सहाशे. सहाशेच्या वर आकडाच नाही. हा नियम तिथे प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कळतो, बहुतेकांना लिओटाकडूनच कळला होता. तिच्या नवऱ्याला तो बाविसाव्या दिवशी कळला.

व्हर्जिल हा तसा आकड्यांचाच माणूस. मिझुरीतल्या बेकर्स फोर्ड गावात चौतीस वर्षं तो पाणीखात्यासाठी मीटर वाचत फिरला. जमिनीतलं लोखंडी झाकण उचलायचं, कोळी बाजूला सारायचा, आकडा वाचायचा, वहीत टिपायचा, पुढचं घर. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाची नळी फुटलीय, कुणाची सून माहेरी गेलीय, हे त्याला चर्चमधल्या बायकांच्या आधी कळायचं, आणि कळूनही तो कुणाला सांगायचा नाही. तीन वेळा कुत्रं चावलं, तिन्ही वेळा एकच कुत्रं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे आकडे वाढताना पाहिले. स्वतःचा म्हणून वाढलेला आकडा होता तो वयाचा.

लिओटा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सव्वीस वर्षं तिने पोरांच्या ताटात बटाट्याचं भरीत वाढलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलीने टल्साहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला, आईला पत्ते खेळायला. लिओटाने पत्ते दोन दिवस खेळले. तिसऱ्या दिवशी तिला ग्रेमिअर सापडलं. त्यानंतर रोज दुपारी चार ते सहा ती मागच्या शिवणखोलीत, व्हर्जिल पुढच्या खोलीत बेसबॉल लावून, आणि फोनच्या तारेवर चालणाऱ्या इंटरनेटमुळे घरचा फोन गुंतलेला. दोघांमध्ये एक भिंत. त्या भिंतीतून अकरा वर्षांत जे बोलणं झालं ते साधारण असं:

“काय चाललंय?”

“एकाचा पाय तुटलाय.”

“वाचेल का?”

“वाचेल.”

आणि व्हर्जिल पुन्हा मॅचकडे वळायचा. त्याला कुतूहल नव्हतं असं नाही. पण चौतीस वर्षं लोकांच्या आवारात जाऊन घरात न डोकावण्याची सवय लागली होती, ती स्वतःच्या घरातही सुटली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी लिओटा भांडी धुता धुता खाली बसली. उठली तेव्हा उजवा हात गेला होता आणि शब्द गेले होते. एक तेवढा राहिला, ‘मंगळवार’. तोच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाणी हवं, मंगळवार. खिडकी लाव, मंगळवार. व्हर्जिलने शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलं, तर खास लिओटाच्या चिडक्या सुरात, “मंगळवार.” सूर सगळे शाबूत होते. ऐकलेलंही सगळं कळत होतं. तिला गावाबाहेरच्या आरोग्यकेंद्रात ठेवलं आणि व्हर्जिल रोज सकाळी तिथे जाऊ लागला.

दुसऱ्या आठवड्यात ग्रेमिअरकडून निरोप आला. सॉरेल तीस दिवसांत फिरकली नाही, तर तिचं नाव काढून टाकण्यात येईल. व्हर्जिल घाबरला. घरी परत येईल तेव्हा तिला काहीतरी जागच्या जागी सापडायला हवं होतं. कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात पासवर्ड होता. तो एका बोटाने टाइप करून व्हर्जिल बायकोच्या गावात शिरला.

पहिल्यांदा त्याने सभ्य माणसासारखं ‘नमस्कार’ लिहिलं. खेळाने कळवलं, ‘नमस्कार म्हणजे काय करायचं ते समजलं नाही.’ कुणीतरी म्हणालं, ‘सॉरेलबाई, कुठे होतात इतके दिवस?’ व्हर्जिलने उत्तर लिहिलं, तेही खेळाला समजलं नाही. बोलायच्या आधी ‘बोल’ असं लिहावं लागतं, हे त्याला कुठून ठाऊक? शेवटी मदतीचं पहिलं पान उघडलं. तिथे नवख्यांसाठी लिहिलं होतं, वेशीबाहेर जा, कुऱ्हाड घे, झाड तोड.

त्याने झाड तोडलं. ओळ आली, ‘लाकूडतोड: एक.’

व्हर्जिलने खुर्ची पुढे ओढली.

मग काय, रोज चार ते सहा. दोन, पाच, अकरा. बायकोचं नाव जिवंत राहतंय आणि वर काहीतरी भरही पडतेय, असा त्याचा हिशोब. आपण तिच्या खात्यात टाकतोय असं त्याला वाटत होतं. सगळी कौशल्यं एकदम दाखवायची आज्ञा वेगळी आहे, ती त्याला माहीत नव्हती. त्याला फक्त हातातलं दिसत होतं.

आणि वेशीवरून ये-जा करणारी माणसं बघत होती. ग्रेमिअरमधली सगळ्यांत निष्णात वैदू, जिच्यासाठी लोक दोन दोन दिवसांची वाट तुडवून यायचे, ती तोंडातून अवाक्षर न काढता बाभळीसारख्या काटेरी झाडांवर कुऱ्हाड चालवतेय. पण तिथली एक रीत आहे. माणसाच्या खऱ्या घराबद्दल, खऱ्या दुःखाबद्दल विचारायचं नाही. त्याने सांगितलं तर ऐकायचं. म्हणून कुणी विचारलं नाही. उलट तिच्या वाटेतून जरा बाजूने जायचे.

बाविसाव्या दिवशी सकाळी व्हर्जिल लिओटाजवळ खुर्ची ओढून बसला. तिला आवडणारा रुबार्बचा ‘पाय’, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, त्याने डब्यातून आणला होता.

“तुझ्यासाठी एक गंमत आहे,” तो म्हणाला. “तुझी ती सॉरेल. तिचं नाव काढणार होते. मी जाऊ दिलं नाही. रोज जातो.”

लिओटाचे डोळे असे उजळले, की व्हर्जिलला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

“मंगळवार?”

“रोज. दोन तास. आणि नुसता बसत नाही. काम करतो.” त्याने ताटली खाली ठेवली आणि मीटर वाचून दाखवावं तशा आवाजात सांगितलं, “लाकूडतोड, एकेचाळीस.”

लिओटा हसता हसता थांबली. तिने डावा हात वर केला, बोटं मिटली, पुन्हा उघडली. ओठ काहीतरी मोजत होते. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, “मंगळवार,” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“अगं, एवढं काय त्यात,” व्हर्जिल म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले. “अजून वाढवतो की. पन्नास करतो.”

तिने मान हलवली, जोरात, दोनदा. त्याला वाटलं, ती म्हणतेय कशाला एवढी मेहनत घेतोस. त्याने तिचे डोळे पुसले, डब्यातले गोड घास भरवले आणि घरी येताना गाडीत तो शीळ घालत होता.

त्या दुपारी आकडा हलेना. तास झाला, एकेचाळीसच. एव्हाना त्याला ‘बोल’ सापडलं होतं. नवख्यांनी सगळ्यांना प्रश्न विचारायची एक वेगळी ओळ होती, तिच्यावर त्याने प्रश्न टाकला. “लाकूडतोड वाढत नाही. कुऱ्हाड बोथट झाली असेल का?”

बॅजर नावाच्या माणसाने लिहिलं, “बाई, चेष्टा करताय का? हे मला तुम्हीच शिकवलंय. सोप्या झाडाने शिकलेल्या हाताला काही मिळत नाही. मोठं झाड धरा.”

“मोठं कुठे मिळेल?”

“बाई?”

“आणि स्क्रीनवर मध्येच ‘मन भरलं’ म्हणून येतं ते काय? मी जेवलो नाही अजून.”

“एक मिनिट,” बॅजरने लिहिलं. “तुम्ही सॉरेलबाई नाही.”

व्हर्जिलने एका बोटाने, सावकाश, सगळं लिहिलं. मी तिचा नवरा. तिला झटका आला. बोलता येत नाही. मी नाव राखतोय. लिहायला त्याला पाव तास लागला, आणि तेवढ्या वेळात मध्ये कुणी एक शब्द घातला नाही.

“काका,” बॅजर शेवटी म्हणाला, “‘सगळी कौशल्यं’ असं लिहा. शिवणकामापुढे काय आहे?”

“पाचशे एकोणसाठ.”

“ते सहाशे होतं.”

मग बॅजरने नियम सांगितला. हळुवार सांगितला, पण नियमच तो, त्याला किती मऊ करणार. व्हर्जिलने दोनदा वाचला. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून त्याच्यापुढे उभा राहिला. सकाळची लिओटाची बोटं त्याला दिसत होती. त्याने एकेचाळीस म्हटलं आणि तिने तिथल्या तिथे वजाबाकी केली होती. तिच्याकडे शब्द असते, तर एका वाक्यात थांबवलं असतं. शब्द नव्हते, आणि हा गोड घास भरवत होता.

परत येऊन त्याने विचारलं, “ते एकेचाळीस परत मिळवायला किती दिवस?”

“बाईंना शेवटचे चाळीस मिळवायला दोन वर्षं लागली,” बॅजर म्हणाला. “खरचटण्याने त्या पातळीवर काही मिळत नाही. मरणाच्या दारातला माणूस लागतो. आणि काका, आधी लाकूडतोड विसरावी लागेल. भांड्यात जागा करायला. विसरणं सोपंय, एक ओळ लिहायची.”

व्हर्जिलने ती ओळ लिहिली. ‘लाकूडतोड: नाही.’ बायकोच्या गावात त्याला स्वतःला येत असलेली ती एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी तो लिओटाजवळ गेला, टोपी हातात धरून. “लिओ, मला माहीत नव्हतं.” ती खिडकीकडे बघत राहिली. आरोग्यकेंद्राच्या आवारात कुणीतरी बर्फ ओढत होतं, त्याचा खरखर आवाज. बऱ्याच वेळाने तिने डावा हात लांबवला आणि त्याची वर गेलेली बाही ओढून नीट केली. माफ केलं की नुसतीच बाही नीट केली, हे व्हर्जिलने विचारलं नाही. विचारून उत्तर काय येणार, तेही ठरलेलंच होतं.

त्या दुपारपासून ग्रेमिअरच्या वेशीवर रांग लागली. बॅजरने कुठे कुठे निरोप पोहोचवला देव जाणे. माणसं मुद्दाम अस्वलाच्या गुहेत जाऊन अंग फाडून घेत आणि लंगडत सॉरेलसमोर येऊन पडत. “काका, बरगड्या गेल्यात, एवढं पुरेल ना?” “माझं बघा, आतडं बाहेर आलंय, याचं भरपूर मिळेल.” एक बाई म्हणाली, “मी कड्यावरून उडी मारणार होते, पण संध्याकाळी मुलीचं लग्न लागतंय, तर आज नुसता हात चालेल का?” बॅजर खऱ्या आयुष्यात ओरेगनमधल्या लाकडाच्या वखारीत कामाला होता, पन्नाशीचा गडी. तो व्हर्जिलला म्हणायचा, “काका, मी दिवसभर खरी लाकडं कापतो, म्हणून इथे कधी झाडाला हात लावला नाही. तुम्हाला पाणीखात्याने एवढी वर्षं पोसलं, तर निदान मासे तरी धरायचे.”

आणि व्हर्जिलचे प्रश्न. टाका आधी की जखम धुणं आधी? ‘मन भरलं’, म्हणजे आता नवं शिरत नाही, आधीचं मुरू दे, असं खेळाने कळवल्यावर खुर्चीतून उठायचं की खेळातच बसायचं? शिकलेलं मुरायच्या आत कॉम्प्युटर बंद पडला तर ते जातं कुठे? प्रत्येक प्रश्नाला कुणी ना कुणी उत्तर द्यायचं, आणि उत्तराची सुरुवात हटकून “बाई म्हणायच्या” अशी. मन भरलं की चूल बंद कर आणि झाकण ठेव. घाई करणाऱ्याचा टाका उसवतो. आपण मरणार असं वाटणाऱ्याशी आधी हवापाण्याचं बोल. व्हर्जिल वाचायचा. ही बाई त्याने अकरा वर्षं भिंतीपलीकडे ठेवली होती. यातलं प्रत्येक उत्तर त्याला नुसती हाक मारून मिळालं असतं.

रोज सकाळी तो तिला आकडा सांगायचा. पाचशे साठ. पुढे नऊ दिवस पाचशे साठच. मग एकसष्ट. ती ऐकून घ्यायची. कधीकधी “मंगळवार” म्हणून पुढचं विचारायची, आणि तो कोण कोण आलं होतं, कुणाचं काय तुटलं होतं ते सांगायचा. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि इतकं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

जूनमध्ये तिला घरी सोडलं. निघताना तिथल्या ब्रिन नावाच्या पोरीने, जी लिओटाकडून बोलण्याचे पाठ करून घ्यायची, व्हर्जिलला दाराबाहेर थांबवलं.

“अक्षरं परत येतील असं मला वाटत नाही,” ती म्हणाली. “अंक ओळखतात. शब्द दाखवला, की तो त्यांना नुसत्या रेघोट्या दिसतो.”

“मी वाचून दाखवेन,” व्हर्जिल म्हणाला.

“दाखवा,” ब्रिन म्हणाली, आणि त्याच्या दंडावर हात ठेवून आत गेली.

बुधवारी चार वाजता त्याने लिओटाला शिवणखोलीत नेलं. खुर्चीवर उशी ठेवली, स्वतःसाठी स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं. बॅजरने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सॉरेल आत शिरली आणि ओळी पावसासारख्या कोसळायला लागल्या, पन्नास-साठ माणसं एकदम. बाई आल्या. बाई, बसा. बाई, मी तो, ज्याचा डोळा तुम्ही वाचवलात.

व्हर्जिल वाचायला लागला. पण तो मीटर वाचणारा माणूस, एका वेळी एक. तिसऱ्या ओळीवर असेपर्यंत तेरावी वरून निघून गेलेली. लिओटा पुढे वाकून बघत होती. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे, कुठेच न अडकता. मग तिचं बोट उठलं आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात टेकलं. तिथे पाचशे सहासष्ट होतं. एवढ्या सगळ्या गर्दीत तिला ओळखू आलेलं तेवढंच. पाच, सहा, सहा. बोट प्रत्येकावर थांबलं.

व्हर्जिल पुन्हा वाचायला लागला.

गर्दी जरा ओसरल्यावर एक नवीन ओळ आली. कालच खेळात आलेला कुणी पिपिन, त्याला इथलं काही माहीत नव्हतं. तो सरळ येऊन विचारता झाला, “सॉरेलबाई तुम्हीच ना? मी दोन दिवस जखमा शिवतोय आणि प्रत्येक माणूस माझ्या हातून मरतोय. मला हे काम जमणारं नाही का? सोडून देऊ?”

व्हर्जिलने ते वाचून दाखवलं. लिओटा ताठ बसली. आणि बोलायला लागली.

“मंगळवार,” ती म्हणाली, अगदी हळू, नव्या पोराला पहिल्यांदा समजवावं तसं. मग डावा हात हलवत, “मंगळवार, मंगळवार.” थोडं थांबून, डोळे बारीक करून, काहीतरी मिस्कील. मग पुन्हा गंभीर. एक बोट वर, हे महत्त्वाचं. शेवटी आवाज उतरवून, धीर देत, “मंगळवार.” पुरतं मिनिटभर. सुरुवात होती, मध्य होता, एक विनोदही होता. आणि ती व्हर्जिलकडे वळली, त्याने आता हे लिहावं म्हणून.

त्याची बोटं कळांवर होती. उत्तर त्याला येत नव्हतं असं नाही. पहिले तीस जण सगळ्यांच्याच हातून मरतात, नियमच तसा आहे, हे तो चार महिन्यांत शिकला होता. पण तिने नियम सांगितला नव्हता. नियमाला मिनिट लागत नाही. तिने दुसरंच काहीतरी सांगितलं होतं, आणि ते या खोलीत, त्याच्या हातभर अंतरावर सांगून झालं होतं.

“बाई?” पिपिनने लिहिलं.

लिओटा वाट बघत होती. तिने त्याच्या कोपराला हलकेच ढोसलं.

व्हर्जिलने एका बोटाने लिहिलं, “उद्या सांगते.”

“चालेल, मी येतो,” पिपिन म्हणाला. लिओटाने ओळ उमटलेली पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि उशीला टेकून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. व्हर्जिल रोज तिला प्रश्न वाचून दाखवतो, ती रोज न कंटाळता उत्तर देते, आणि पिपिनचं ते उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.